दुसरा संसार : मन हो म्हणते, शरीर थांबते

संध्याकाळी अंगणात मोटारसायकल थांबते. स्टँड लावल्याचा खट्ट आवाज होतो. स्वयंपाकघरात भाकरी थापत असलेली बाई क्षणभर गोठते. पोटात गोळा येतो, छातीत धडधडते, परातीतला हात तसाच राहतो. दारातून आत येणारा माणूस शांत स्वभावाचा आहे. त्याने तिच्यावर कधी हात उगारलेला नाही, आवाजही चढवलेला नाही. आज तर येताना त्याने तिच्या मुलीसाठी पेरू आणले आहेत. हे सगळे तिला ठाऊक आहे. तरी तिचे शरीर आक्रसते. पहिल्या घरात या आवाजानंतर काय घडायचे, ते शरीर विसरलेले नसते.

हे चित्र कुणा एकीचे नाही. शिरूर किंवा दौंड तालुक्यातल्या कुठल्याही गावात असे घर असू शकते. नवरा रांजणगावच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारा असेल, दौंडला रेल्वेत असेल किंवा भीमेच्या काठचा ऊस बागायतदार असेल. पुरुषांच्या बाबतीतही असे घडते. पहिल्या संसारात रोजचा अपमान, अबोला आणि पुढे कोर्टाच्या तारखा पाहिलेला माणूस दुसरी बायको थोडा वेळ गप्प बसली तरी अस्वस्थ होतो. ‘आता काय झाले असेल?’ या विचाराने त्याला रात्रभर झोप लागत नाही. फरक एवढाच की तो हे कुणाला सांगत नाही.

पहिला संसार त्रासाचा गेला आणि नंतर चांगले माणूस भेटले, तर सगळे आपोआप नीट व्हायला हवे, असे घरच्यांना वाटते. नवीन जोडप्यालाही तसेच वाटते. ते तसे होत नाही, तेव्हा ‘हिचे मन अजून तिकडेच आहे’ किंवा ‘याला कुणाचीच कदर नाही’ असा अर्थ काढला जातो. खरे कारण बहुतेक वेळा मेंदूच्या कामाच्या पद्धतीत असते.

भीती पुसली जात नाही

आपल्या मेंदूत दोन्ही कानशिलांच्या आत, खोलवर, बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. धोक्याची खूण ओळखणे हे त्याचे एक मुख्य काम. खूण दिसली की विचार करणाऱ्या मेंदूला पूर्ण चित्र कळण्याआधीच शरीर तयारीला लागते. हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठ होतात, अॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात उतरतात. साप समोर आला तर ही घाई जीव वाचवते.

मात्र धोक्याबरोबर जे जे हजर होते, त्याचीही मेंदू नोंद ठेवतो. पायऱ्यांवरची पावले, दारूचा वास, भांडे आपटल्याचा आवाज, विशिष्ट सुरात मारलेली हाक, महिन्याचा शेवटचा आठवडा. पुढे यांतली एक खूण पुरते. माणूस बदलला, घर बदलले, गाव बदलले, तरी खूण तीच असेल तर गजर वाजतो.

रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलोव्ह यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग शाळेच्या पुस्तकातून अनेकांना माहीत असतात. घंटा आणि अन्न यांची सांगड बसली की नुसत्या घंटेनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. त्याच प्रयोगांतली कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी, की अन्न न देता घंटा वाजवत राहिले तर लाळ येणे थांबते, पण काही काळ मध्ये गेल्यावर पुन्हा घंटा वाजवली की ती परत येते. जुनी सांगड नाहीशी झालेली नसते. तिच्यावर नवी शिकवण बसलेली असते. भीतीच्या बाबतीतही संशोधकांना हेच दिसले आहे. ‘आता धोका नाही’ हा नवा धडा जुन्या धड्याशेजारी लिहिला जातो, आणि जागा, परिस्थिती किंवा ताण बदलला की जुना धडा पुन्हा डोके वर काढू शकतो.

यावरून एक सोपी गोष्ट कळते. ‘झाले गेले विसर’ हा सल्ला कितीही मायेने दिला तरी शरीराला तो पाळता येत नाही. त्याला नवा अनुभव द्यावा लागतो. तोही एकदा देऊन भागत नाही, शेकडो वेळा द्यावा लागतो.

वाईट संसार आणि शरीर

अमेरिकेतल्या थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या डॉक्टरांनी १९६७ मध्ये आयुष्यातल्या ताणाच्या घटनांची एक यादी केली आणि प्रत्येकीला गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला सर्वाधिक, म्हणजे १०० गुण होते. घटस्फोटाला ७३ आणि नवरा-बायको वेगळे राहू लागण्याला ६५ गुण दिले होते. विशेष म्हणजे लग्नालाही त्यांनी ५० गुण दिले होते. बदल आनंदाचा असला तरी शरीराला त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते. म्हणजे दुसरे लग्न करणारा माणूस जुना ताण पुरता उतरण्याआधी नवा ताण अंगावर घेत असतो.

भांडणाचा परिणाम जखमेवरही दिसतो. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या जॅनिस किकोल्ट-ग्लेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी ४२ जोडप्यांना दोनदा रुग्णालयात ठेवून हातावर छोटे फोड तयार केले आणि ते किती वेगाने भरतात ते पाहिले. एका खेपेला जोडप्यांनी एकमेकांना आधार देणारे बोलायचे होते, दुसऱ्या खेपेला वादाच्या विषयावर. वादानंतर जखम भरायला जास्त वेळ लागला. ज्या जोडप्यांच्या बोलण्यात कायम कडवटपणा होता, त्यांच्या जखमा भरण्याचा वेग इतरांच्या सुमारे ६० टक्केच होता.

भारतातल्या २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाह झालेल्या १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. याच पाहणीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षे पूर्ण होण्याआधी झाले होते. म्हणजे मोडलेल्या पहिल्या संसाराच्या मागे अनेकदा स्वतःची निवड कळण्याआधीच लावून दिलेले लग्न असते. अशा स्त्रीच्या बाबतीत ‘पुन्हा प्रेम’ हा शब्दही तितकासा बरोबर नाही. तिच्या वाट्याला ते पहिल्यांदाच आलेले असते.

काही जणांना आणखी एका गोष्टीची लाज वाटते. इतका त्रास झाला, तरी आधीच्या माणसाची आठवण येते. हेलन फिशर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रेमात नाकारल्या गेलेल्या १५ जणांच्या मेंदूची छायाचित्रे घेतली. सोडून गेलेल्या व्यक्तीचा फोटो पाहताना त्यांच्या मेंदूत ओढ आणि व्यसन यांच्याशी संबंधित असलेले भाग जागे होत होते. ओढ असणे म्हणजे परत जाण्याची इच्छा असणे नव्हे. तंबाखू सोडलेल्याला पानटपरीसमोर तलफ येते, तसेच हे असते. ती येते आणि ओसरते.

हात हातात घेतला तेव्हा

इतक्या नोंदी वाईट असल्या तरी शरीराच्या वहीत चांगलेही लिहिले जाते. जेम्स कोन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये १६ विवाहित स्त्रियांवर एक प्रयोग केला. त्यांना मेंदूचे चित्र घेणाऱ्या यंत्रात झोपवून, पायाला विजेचा हलका झटका बसू शकतो, अशी सूचना मिळत असे. काही वेळा त्यांचा हात कुणी धरलेला नव्हता, काही वेळा अनोळखी माणसाने धरला होता आणि काही वेळा नवऱ्याने. नवऱ्याने हात धरला असताना धोक्याला उत्तर देणाऱ्या भागांतली हालचाल सर्वांत कमी होती. ज्यांचा संसार अधिक समाधानाचा होता, त्यांच्यात हा परिणाम जास्त दिसला.

या प्रयोगातल्या शेवटच्या मुद्द्याकडे नीट पाहायला हवे. परिणाम ‘नवरा’ या नात्याच्या नावावर अवलंबून नव्हता. नाते कसे आहे, यावर त्याचे बळ ठरत होते. गळ्यात मंगळसूत्र आले म्हणून शरीर निवांत होत नाही. रोज वागणूक तशी असेल तरच त्याचा विश्वास बसतो.

नुसता काळही पुरत नाही. रिचर्ड लुकास यांनी जर्मनीतल्या हजारो लोकांची वर्षानुवर्षे गोळा केलेली माहिती तपासली आणि २००५ मध्ये निष्कर्ष मांडला. घटस्फोटाआधीच माणसांचे समाधान घसरू लागते. घटस्फोटानंतर ते हळूहळू वर येते, पण सरासरीने पाहिले तर पूर्वीच्या पातळीला पूर्ण पोहोचत नाही. सरासरीच्या आत अर्थातच अनेक आयुष्ये असतात. काहींचे आयुष्य पूर्वीपेक्षा खूप चांगले होते. पण ‘काळ हेच औषध’ एवढ्यावर विसंबू नये, हे मात्र यातून कळते. त्या काळात काय घडते, याला महत्त्व आहे.

मानसशास्त्रात लहानपणी मिळालेल्या जवळिकीबद्दल जॉन बोल्बी यांनी मांडलेले विचार १९८७ मध्ये सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी प्रौढांच्या प्रेमाला लावून पाहिले. लहान मूल जसे भरवशाच्या माणसाजवळ शांत होते आणि मग निर्धास्तपणे खेळायला जाते, तसेच मोठी माणसेही करतात. ज्यांचा हा भरवसा तुटलेला असतो, ती एक तर जोडीदाराला सारखी चिकटतात, फोन उचलला नाही तर कासावीस होतात. नाही तर कुणाला जवळच येऊ देत नाहीत. या दोन्ही सवयी एके काळी स्वतःला वाचवण्यासाठी लागलेल्या असतात. चांगला, स्थिर सहवास मिळाला तर मोठ्या वयातही त्या बदलतात.

गावाचे बोलणे

शरीराचा गजर फक्त घरात तयार होत नाही. गावाच्या बोलण्यातूनही त्याला खतपाणी मिळते. ‘टाकलेली’, ‘माघारी आलेली’, ‘नांदली नाही’, ‘बिजवर’ हे शब्द कानावर पडत राहिले की माणूस दुसऱ्या संसारातही परीक्षेला बसल्यासारखा वागतो. आता हेही मोडले तर लोक काय म्हणतील, ही भीती सोबत असते.

खरे तर या भागाला दुसरे लग्न नवे नाही. महाराष्ट्रातल्या अनेक जातींमध्ये काडीमोड घेऊन वेगळे होण्याची आणि स्त्रीने पाट लावण्याची, म्हणजे मोहतराची, रीत जुनी आहे. ज्यांनी ती नाकारली त्यांनी पुढे तिच्यासाठी झगडा दिला. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन आहे. त्याआधी रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, तेव्हा तिथे आलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत्या गोदूबाई. १८९३ मध्ये त्यांनी पत्नी गमावलेल्या धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न केले. त्यासाठी कर्व्यांच्या मुरूड गावाने या जोडप्यावर बहिष्कार टाकला. दोघांचाही हा दुसरा संसार, आणि तो अर्धशतकाहून अधिक काळ टिकला.

त्याच काळात डॉ. रखमाबाईंची कहाणी घडत होती. त्यांच्या विधवा आईने जातीच्या रिवाजानुसार डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरे लग्न केले होते. रखमाबाईंचे लग्न मात्र अकराव्या वर्षी लावून दिले गेले, आणि त्यांनी नांदायला जायचे नाकारल्यावर नवरा १८८४ मध्ये न्यायालयात गेला. १८८७ मध्ये न्यायालयाने नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल दिला. पुढच्या वर्षी तडजोड झाली. रखमाबाई लंडनला शिकून डॉक्टर झाल्या आणि त्यांनी गुजरातेत दीर्घकाळ रुग्णसेवा केली. आईला दुसरा संसार मिळाला, मुलीला नकोसा पहिला संसार मोडायलाही चार वर्षे झगडावे लागले. रखमाबाईंनी पुन्हा लग्न केले नाही. एकटे राहणे हाही एक पूर्ण मार्ग आहे, हे त्यांच्या आयुष्याने दाखवले.

शिरूरचे नाव मराठी साहित्यात ज्यांच्यामुळे घरोघरी गेले, त्या विभावरी शिरूरकरांनीही, म्हणजे मालतीबाई बेडेकरांनी, याच विषयाला हात घातला होता. १९३४ च्या त्यांच्या ‘हिंदोळ्यावर’ या कादंबरीत नवऱ्याने टाकलेली शिकलेली स्त्री दुसऱ्या पुरुषावर प्रेम करते. तेव्हा अशा स्त्रीला मुंबई इलाख्यात घटस्फोटाचा कायदाच नव्हता. तो १९४७ मध्ये आला आणि देशभरासाठी हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये. त्याच वर्षी रखमाबाईंचे निधन झाले.

खोडव्याची निगा

आज कायदा आहे, रीतही आहे. अडचण घाईची आहे. मुलगी माघारी आली की ‘लवकर दुसरे बघा’ असा घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. धाकट्या बहिणीचे लग्न अडते, भावजय कुरकुरते. वधू-वर सूचक मंडळाच्या पाटीवर ‘विनाअपत्य घटस्फोटित’ असे दोन शब्द लिहिले की माणसाची ओळख संपते. पहिल्या वेळी एका भेटीत लग्न ठरले, तसेच दुसऱ्या वेळीही ठरते.

ऊस पिकवणाऱ्या या भागाला खोडवा ठाऊक आहे. पहिला ऊस तुटून गेल्यावर त्याच बुडख्यांना नवे फुटवे येतात. बेणे लागत नाही, लागणीचा खर्च वाचतो, म्हणून खोडव्याकडे दुर्लक्ष होते आणि उतारा घटतो. बुडखे नीट छाटले, पाचट न जाळता सरीत ठेवले, नांग्या भरल्या आणि खत वेळेवर दिले तर तोच खोडवा चांगला येतो. दुसरा संसारही जुन्या मुळांवरच उभा राहतो. ‘दोघेही अनुभवी आहेत, जमवून घेतील’ असे म्हणून त्याला सोडून देऊ नये.

निगा म्हणजे काय, तर आधी बोलणे. ठरवण्याआधी निदान काही महिने वेगवेगळ्या प्रसंगांत एकमेकांना पाहावे. पैशाची अडचण आली, आजारपण आले, बेत फसला, तेव्हा समोरचा माणूस कसा वागतो? नकार दिला तर त्याला तो पचतो का? पहिल्या संसारात काय झाले ते सगळे एका बैठकीत सांगायची गरज नाही. पण कोणत्या गोष्टींनी दचकायला होते, तेवढे सांगावे. ‘अहो, आवाज चढला की मला पुढचे काही सुचत नाही. वाद घालू, पण हळू बोलून घालू,’ एवढे वाक्य पुरते. यावर समोरच्याने ‘बरे’ म्हटले आणि पुढे खरेच तसे केले, तर शरीराच्या वहीत एक नवी नोंद झाली.

जवळिकीच्या बाबतीतही हेच. ज्या शरीरावर जबरदस्ती झाली आहे, ते प्रेमाच्या स्पर्शानेही आक्रसू शकते. वेदना होऊ शकते. हा नव्या माणसाचा अपमान नाही. थांबता येते, हे कळले की शरीर सैल होते. त्रास टिकून राहिला तर स्त्रीरोगतज्ज्ञांना आणि समुपदेशकांना मोकळेपणाने सांगावे. त्यावर उपचार आहेत.

जोडप्यांच्या बोलण्याचा अनेक वर्षे अभ्यास करणारे जॉन गॉटमन सांगतात की टिकणाऱ्या संसारातही भांडणे होतात, पण वादाच्या वेळीही एका बोचऱ्या शब्दामागे साधारण पाच बऱ्या गोष्टी असतात. होकाराची मान, हलका विनोद, ‘तुझे हे म्हणणे पटले’ अशी कबुली. ज्याच्या मेंदूत जुना गजर आहे, त्याला या बऱ्या गोष्टींची गरज इतरांपेक्षा जास्तच असते.

जुनी भीती की नवा धोका?

इथे एक सावधगिरी हवी. गजर वाजला की तो जुनाच आहे, असे गृहीत धरू नये. कधी कधी तो खरा असतो. पहिल्या अनुभवामुळे माणूस जास्त घाबरतो, तसाच ‘मीच संशयी झाले आहे’ असे म्हणून खऱ्या धोक्याकडे काणाडोळाही करतो.

ओळखण्याची एक साधी पद्धत आहे. आपण सांगितल्यावर समोरचा काय करतो, ते पाहावे. जुनी भीती आवाजाने, वासाने, तारखेने जागी होते आणि समोरच्याच्या वागण्यातून हळूहळू शांत होत जाते. नवा धोका वाढत जातो. फोन तपासणे, पगार काढून घेणे, माहेरी किंवा मैत्रिणींकडे जाऊ न देणे, ‘म्हणूनच पहिल्याने टाकली’ असे टोमणे मारणे, मुलांवर राग काढणे, मारण्याची धमकी देणे आणि नंतर गोड बोलणे, या गोष्टी दिसल्या तर चूक आपल्या मनात शोधत बसू नये. दुसरे लग्न टिकवण्यासाठी मार सोसायचा नसतो. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा दुसऱ्या संसारातही तितकाच लागू आहे. स्त्रियांसाठी १८१ हा मदतीचा क्रमांक आहे.

मुले आणि कागद

मुलांना आईबापांच्या प्रेमाचा आनंद लगेच होत नाही. नव्या माणसाला ‘बाबा’ किंवा ‘आई’ म्हणायची सक्ती केली तर मूल आतल्या आत मिटते. काका, मामा, नुसते नाव, जे त्याला जमेल ते म्हणू द्यावे. सुरुवातीच्या काळात शिस्त लावण्याचे काम सख्ख्या पालकाने करावे आणि नव्याने आलेल्याने मैत्री करावी. शाळेत सोडणे, सायकलचे पंक्चर काढणे, तापात शेजारी बसणे यातून नाते उभे राहते. त्याला महिने नाही, वर्षे लागतात. आधीच्या जोडीदाराबद्दल मुलासमोर वाईट बोलू नये. मूल स्वतःला त्या दोघांचे अर्धे-अर्धे समजत असते.

मनाची शांतता कागदावरही अवलंबून असते. स्टॅम्प पेपरवर दोन्हीकडच्या सह्या घेऊन लिहिलेली ‘सोडचिठ्ठी’ पुरेशी आहे, असा समज अजून आहे. हिंदू विवाह कायद्यात रूढीने मिळणाऱ्या घटस्फोटाला जागा आहे, पण तशी रूढी न्यायालयात सिद्ध करावी लागते. ती सिद्ध झाली नाही तर पहिले लग्न कायम राहते, दुसरे रद्दबातल ठरते आणि पहिला जोडीदार हयात असताना दुसरे लग्न केल्याचा गुन्हाही लागू शकतो. म्हणून न्यायालयाचा हुकूमनामा घ्यावा आणि अपिलाची मुदत संपल्याची खात्री वकिलाकडून करून मगच पुढचे पाऊल टाकावे. परस्पर संमतीने अर्ज करायचा तर दोघे निदान वर्षभर वेगळे राहत असावे लागतात. त्यानंतरची सहा महिन्यांची प्रतीक्षा न्यायालय योग्य प्रकरणात माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. स्त्रियांना त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडे त्याची चौकशी करता येते.

मदत केव्हा घ्यावी?

दचकणे, वाईट स्वप्ने, झोप उडणे हे काळजी घेतल्यावर बहुतेकांचे कमी होत जाते. पण काही महिने झाले तरी तेच प्रसंग डोळ्यांपुढे येत राहिले, दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटेनासा झाला, दारूचा आधार घ्यावा लागू लागला किंवा जीव नकोसा वाटला, तर वाट पाहू नये. आघातानंतरच्या त्रासासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये सुचवलेल्या उपचारांत बोलण्यातून विचार आणि भीती हाताळायला शिकवणारी पद्धत, तसेच डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी ईएमडीआर ही पद्धत आहे. गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञ औषधेही देतात. ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो, मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. पुरुषांनीही हा फोन करावा; सहन करत राहणे हा मर्दपणा नाही.

आता पुन्हा त्या घराकडे. समजा, तिने एके दिवशी धीर करून सांगितले की मोटारसायकल थांबली की माझ्या पोटात गोळा येतो. त्याने कारण उकरून काढले नाही, ‘मी काय तुला मारतो का?’ असे विचारून रागावलाही नाही. तेव्हापासून तो गल्लीच्या तोंडाशी दोनदा हॉर्न देतो आणि दारात चप्पल काढता काढता मुलीला हाक मारतो. पहिल्या घरात असे कधी होत नसे. काही महिने तिचा हात तरीही थांबत राहतो, पण आधीपेक्षा कमी वेळ. मग एक दिवस हॉर्न वाजतो, मुलगी दाराकडे पळते, आणि तव्यावरची भाकरी उलटताना तिच्या लक्षात येते की आज आपला हात थांबलाच नाही.